शेवटचं प्रकरण कोण शिवणार?

प्रिय नाना,

तुमच्या लाडक्या लेखकाची नवी रहस्यकादंबरी येतेय! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. पुस्तकाची बातमी आधी सासऱ्यांना द्यायची ही माझी सवय, ती फोटोला हार घातला म्हणून थोडीच जाते?

फतेगंजच्या वाचनालयात नुसता कल्ला आहे. अर्धे म्हणतात, माणूस संपला, गेल्या वेळी पहिल्या चहालाच खुनी कळला होता. बाकीचे म्हणतात, एकदा घसरला म्हणून काय झालं? शेजारच्या जयश्रीबेन दोन्हीकडून. "हवे एनामां दम नथी," आता त्याच्यात दम नाही, असं म्हणाल्या आणि तुमचं झालं की आधी मला द्या म्हणून नंबरही लावून गेल्या.

तुम्ही कुठल्या बाजूला असता हो? गेलं पुस्तक तुम्ही सोफ्यावर आपटलंत, याचं पुस्तक पुन्हा या घरात आणायचं नाही म्हणून बजावलंत. आणि नेमकं तेच तुमचं शेवटचं ठरलं. मला याचा अजून राग येतो, त्याचाही आणि तुमचाही. इतकी वर्षं मजा दिली त्याने, आणि तुम्ही रुसून गेलात!

लग्न होऊन मी नाशिकहून बडोद्याला आले, तेव्हा तुम्ही माझ्या हातात पुस्तक ठेवलंत, शेवटचं प्रकरण सुईदोऱ्याने शिवलेलं. म्हटलं, कुठल्या घरात पडले मी! मग नियम कळला. सगळ्यांचं वाचून झालं की रविवारी सेव-उसळ आणायची, प्रत्येकाने खुनी सांगायचा, मगच शिवण उसवायची. तुमचं उत्तर कायम ठरलेलं, "जो सगळ्यांत गोड बोलतो तो."

शिवताना शेवट दिसू नये म्हणून तुम्ही चष्मा काढून ठेवायचात. एकदा शर्टाची बाहीच पुस्तकाला शिवलीत आणि तसेच दार उघडायला गेलात. जयश्रीबेन हसून हसून उंबऱ्यातच बसल्या. आई मात्र टाक्यांमधून डोळा लावून शेवट बघायच्या, आणि तुम्हाला ते ठाऊक असायचं.

तुम्ही गेल्यापासून आईंनी पुस्तक हातात घेतलेलं नाही. रविवारी जेवल्या की लगेच आडव्या होतात. त्यामुळे त्यांच्यापुढे हा विषय काढायला मी घाबरत होते. त्यात तुमचा हुकूम होताच. शेवटी काल मेथी निवडताना हळूच विचारलं, आणायची का?

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आण. वाईट निघाली तर निघाली. शिव्या घालायला तरी एकत्र बसू."

संध्याकाळी बघते तर चष्मा बाजूला, हातात तुमची सुई, आणि एका जुन्या पुस्तकावर सराव चाललेला. मला बघून उठायला गेल्या, तर पुस्तकही उठलं. पदर शिवला होता! नाना, आई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग मीही.

तेव्हा तुमचा हुकूम मोडतेय, रागावू नका. शिवण उसवण्याआधी पहिलं मत तुमचंच धरू, हा माझा शब्द. आणि पुस्तक वाचून होईपर्यंत आईंच्या हालचालींवर नजर ठेवीन. त्यांच्यावर माझा अजून पुरता विश्वास नाही. शिवताना त्यांचा चष्मा माझ्या पर्समध्ये असेल.

तुमची सून,
मेधा