आधी हत्यारं, मग रॉड

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाच्या कामाची नोंद दुसरं कुणी ठेवत नाही, असा अनुभव आहे.

घटना अशी. सासरेबुवा गुडघ्याचं ऑपरेशन करून आमच्याकडे राहायला आले. त्यांचं सामान गाडीत भरताना त्यांचा मासे धरायचा जुना रॉड डिकीच्या झाकणाखाली येऊन मोडला. झाकण मी आपटलं हे खरं. पण रॉड बाहेर डोकावत होता हेही खरं. माणसाने काय आणि रॉडने काय, आपली लांबी ओळखून राहावं.

सासरेबुवा दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन घरापर्यंत बसून राहिले. तेच मला लागलं.

डॉक्टर म्हणतात, रोज चालले तर एप्रिलअखेर तळ्यावर जाता येईल. पण त्यांना वॉकर धरूनही चालायचंच नाही. तुकड्यांकडे बघत म्हणाले, 'आता चालून जायचंय कुठे?' मेहुणा लगेच म्हणाला, मी दुकानातून नवा आणतो. मी म्हणालो, खबरदार! जावई स्वतःच्या हाताने करून देईल. सगळे एकदम गप्प झाले. आदराने असणार.

६ मार्च
विषयाचा सखोल अभ्यास केला (ऑफिसात, साहेब रजेवर). रॉड म्हणजे एक पोकळ काठी. तिला बुचाची मूठ बसवायची, दोरा ओवायला कड्या बांधायच्या, कड्यांच्या बांधणीवर एपॉक्सी हा चकचकीत गोंद लावून काठी सावकाश फिरवत वाळवायची. झालं. पोरखेळ आहे.

मात्र खरा कारागीर हत्यारंही स्वतः बनवतो. निश्चय: एकही हत्यार विकत आणायचं नाही. हत्यारांना एक शनिवार, रॉडला एक रविवार. उरलेला महिना आराम.

११ मार्च
पहिलं हत्यार: मुठीचं बूच गरगर फिरवून तासायला लेथ. परवा खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडून ड्रिल आणलं. जेवणाच्या टेबलावर आडवं बांधलं. बूच लावून बटण दाबलं. बूच सुटलं ते स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यात. ड्रिलही मागोमाग निघालं होतं, पण वायर आखूड पडली.

ही म्हणाली, टेबलाला भोकं कुणी पाडली? मी म्हणालो, ती माउंटिंग होल्स आहेत. ही म्हणाली, मग आता जेवण कुठे माउंट करायचं?

दोन दिवस जमिनीवर जेवतोय. सासरेबुवांना खाली बसता येत नाही. ते जेवायला वकिलांकडे जातात. लिफ्ट बंद असल्याने जिन्याने, कठडा धरून. वाईट वाटतं, पण कलेला किंमत मोजावीच लागते.

१५ मार्च
लक्षात आलेली एक मूलभूत गोष्ट: सरळ हत्यार बनवायला आधी सरळ फळी लागते. फळी सरळ कापायला सरळ पट्टी लागते. माझी पट्टी वाकडी निघाली. म्हणजे आधी हत्यारं बनवायची हत्यारं बनवायला हवीत. हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. लपवतात.

आमच्या पलंगाच्या फळ्या अत्यंत सरळ आहेत. होत्या.

१६ मार्च
पाठ धरली आहे. जमिनीवर झोपणं मणक्याला उत्तम असं हिला सांगितलं. ही सासरेबुवांच्या खोलीत झोपायला गेली.

२२ मार्च
मोठं यश! कडी बांधताना दोरा सारखा ताणलेला हवा. हिच्या शिवणयंत्रात दोरा ताणणारा एक छोटा स्प्रिंगवाला भाग असतो. तो काढला. काढताना आणखी काही भाग आपण होऊन बाहेर आले. ते डबीत नीट ठेवले आहेत. परत कुठे बसतात हे त्या भागांनाच ठाऊक.

हिने शेजारणीचे पडदे शिवायला घेतले होते. म्हणून आज माझ्याशी बोलली नाही. कामात एकाग्रता मिळाली.

२९ मार्च
आज कळस. एपॉक्सी वाळेपर्यंत रॉड सावकाश फिरत राहायला हवा, नाहीतर ओघळ येतात. सावकाश फिरणारी मोटर घरातच होती! मायक्रोवेव्हच्या ताटलीखाली. काढली. स्टँडला जोडली. सरावासाठी झाडूच्या दांड्याला एपॉक्सी लावून फिरवला. काय देखणा दिसतोय! आरशासारखा. कन्येने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. त्या हसल्या म्हणे. वयच तसं आहे.

दोष एकच. मोटर कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. तिच्या मनावर आहे. आमच्या साहेबांसारखं.

ता. क. सासरेबुवांचं शेकायचं पाणी आता मायक्रोवेव्हमध्ये एका बाजूला उकळतं, दुसऱ्या बाजूला गारच. गॅसपाशी सगळा भुसा. तेव्हा शेकायलाही ते वकिलांकडेच जातात. वकील भला माणूस. मात्र ड्रिल कधी परत देणार, हे जिन्यात भेटला की विचारतो.

७ एप्रिल
प्रत्यक्ष रॉडचा श्रीगणेशा. काठीचे दोन भाग, मधे जोड. जोड घट्ट बसत होता. तो घासायला खास यंत्र केलं (मिक्सर). आता एक भाग दुसऱ्यात लोण्यासारखा सरकतो. बाहेरही लोण्यासारखाच येतो. असं फिनिशिंग दुकानात मिळत नाही.

१३ एप्रिल
सकाळी ऑफिसला जाण्याआधी रॉड वाळवायला लावला. हॉलमध्ये पलंगाचे भाग ठेवलेत, त्यामुळे जागा नव्हती. स्टँड पॅसेजमध्ये ठेवला. रॉडचं मुठीकडचं टोक बाथरूमच्या दारातून जेमतेम वीतभर आत.

सासरेबुवा आंघोळीला आत. त्यांना वाटलं, जावयाने टॉवेलसाठी नवी दांडी बसवली. लावला टॉवेल. थोड्या वेळाने आतून हाक, 'जावईबापू, माझा टॉवेल फिरतोय!' मी म्हणालो, फिरू दे, हात लावू नका. ते म्हणाले, 'मग मी काय गुंडाळू?' त्यांनी टॉवेल ओढला, मोटर नेमकी तेव्हाच उलटी फिरली आणि तिने तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला.

शेवटी हिने दाराच्या फटीतून पडदा आत सरकवला. शेजारणीचा. सासरेबुवा तो लपेटून बाहेर आले आणि मला वाटतं हसले. किंवा शिंकले.

टॉवेल रॉडला कायमचा चिकटला. कापून काढला. मुठीपाशी थोडी लव राहिली आहे. पकड चांगली येईल.

२१ एप्रिल
रॉड तयार! थोडा डावीकडे झुकतो, पण स्वभावच तसा आहे म्हणून सोडून दिलं. सासरेबुवांनी हातात घेतला, लव कुरवाळली, म्हणाले, 'असा रॉड मी जन्मात पाहिला नाही.' डोळ्यांत पाणी होतं. हिला बोलावून मुद्दाम दाखवलं. ही म्हणाली, भुशाने येतं.

२८ एप्रिल
तळ्यावर गेलो. सगळं घर, शिवाय मेहुणा. मेहुण्याने दुकानातला एक रॉड बरोबर आणला होता, 'असू दे भाऊजी, जोडीला.' कुत्सितपणा रक्तातच असतो. सासरेबुवांच्या नाही, त्याच्या.

सासरेबुवा खुर्चीत बसले. मी म्हणालो, पहिला झोका माझा, तंत्र समजून घ्या. मागे वाकलो. सगळी ताकद लावून फेकला.

रॉडचा पुढचा अर्धा भाग गेला. जोडातून अलगद निसटला. कड्या, दोरा, गळ सगळं घेऊन तळ्यावरून असा डौलात गेला की एका बगळ्याने मान वळवून पाहिलं. मग बुडाला. माझ्या हातात मूठ आणि लव.

मग एक विचित्र आवाज आला. सासरेबुवा हसत होते. पोट धरून, खुर्चीचे हात बडवत. हसता हसता उठले आणि 'कुठे गेला, कुठे गेला' म्हणत थेट पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले. वॉकर खुर्चीपाशीच होता. ही एकदम म्हणाली, 'बाबा! तुम्ही वॉकरशिवाय चालताय!' आणि रडायलाच लागली. मेहुण्याचेही डोळे भरले. भुसा इथे नव्हता.

नंतर त्यांनी मेहुण्याच्या रॉडने दोन मासे धरले. तो तपशील गौण आहे.

३० एप्रिल
डॉक्टर चकित. एवढ्यात एवढी प्रगती कशी, विचारलं. मी खाकरून पुढे सरकलो. सासरेबुवाच म्हणाले, 'सगळं जावईबापूंमुळे.' छाती भरून आली. पुढे म्हणाले, 'त्यांनी घरात बसायला जागाच ठेवली नाही, डॉक्टर. जेवायला वकिलांकडे, शेकायला वकिलांकडे. रोज जिना, वर आणि खाली.' डॉक्टरांनी वॉकर बंद केला आणि माझा हात हातात घेतला. बराच वेळ हसत होते.

३ मे
सासरेबुवा मेहुण्याकडे गेले. विश्रांतीला, म्हणाले. निघताना माझ्या पाठीवर थोपटलं आणि हळूच म्हणाले, 'मजा आली हो. पण आता पुरे.'

दुपारी हिने सुतार, मिक्सरवाला आणि शिवणयंत्रवाला यांना एकदमच बोलावलं. कामं करताना त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. संध्याकाळपर्यंत पलंग उभा, यंत्र सुरू. घर अगदी सामान्य दिसतंय.

४ मे
हॉलमधला बल्ब गेला. स्टूल घ्यायला उठलो. ही म्हणाली, बसा तुम्ही, वकील येताहेत.