आणखी दहा हेडर

२ मार्च, रविवार. गेर्लिंगेन, जर्मनी.
आज विचारलं एकदाचं. वरच्या मजल्यावरच्या हेंकला. तोच तो, फुटबॉलचा जुना डच फॉरवर्ड. आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतो हे कळून आठ महिने झाले आणि आठ महिने मी जिन्यात नुसता 'मॉर्गन', म्हणजे गुड मॉर्निंग, म्हणून पळतोय. कोल्हापूरला आमच्या तालमीच्या भिंतीवर मारुतीच्या फोटोशेजारी ह्याचं पोस्टर होतं. नारिंगी जर्सी, हवेत आडवा, कपाळावर बॉल. उदबत्ती दोघांनाही ओवाळायचे. हे त्याला जर्मनमध्ये कसं सांगणार, कप्पाळ!
म्हटलं, ही माझी मुलगी इरा, बारा वर्षांची. फॉरवर्ड आहे, पळते झकास, पण बॉल वरून आला की मान चुकवते. शिकवाल का?
त्याने इराकडे नीट बघितलं. "रविवारी दहा वाजता. मागच्या मैदानात." बास.
मंजिरी म्हणाली, "अरे, म्हाताऱ्याला निवांत राहू दे की." बायकोला ह्यातलं काय कळतंय.

९ मार्च, रवि.
पहिला दिवस. हेंक पाच पावलांवर उभा, हाताने बॉल टाकतो. अडुसष्ट वय, पाठ अजून ताठ. "डोळे उघडे. मान घट्ट. बॉलने तुला मारायचं नाही, तू बॉलला मारायचंस." दहा झाले की "नोख त्सेन". म्हणजे आणखी दहा.
मध्ये पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्याची गोष्ट. बाप बेकरीवाला, समुद्राकाठचं गाव. पिठाच्या कोठारात आढ्याला दोरीने बॉल टांगलेला. पीठ फुगेपर्यंत हा पहाटे हेडर मारायचा, आणि कपाळ पांढरं घेऊन शाळेत जायचा. सोळाव्या वर्षी क्लबवाले आले. तेविसाव्या वर्षी जर्मनीत. इथले लोक हुर्यो करत शिट्ट्या मारायचे, तिकडचे गद्दार म्हणायचे. "मग डोक्याने दोन गोल केले. दोन्हीकडचे गप्प."
मी लहान पोरासारखा ऐकत होतो. खरंच.

१६ मार्च, रवि.
इराने आज एकदाही मान चुकवली नाही! माझ्या वडिलांना, आबांना, कोल्हापूरला फोन केला. ते स्वतः पंधरा वर्षं गोलकीपर. विश्वासच बसेना त्यांचा. "कोण? आपला पोस्टरवाला? आयला!" मग गंभीर होऊन म्हणाले, "वस्ताद सांगेल तेवढं करायचं. मोजायचं नाही. मोजलं की अंग चोरतंय."
या, गेनाऊ. अगदी बरोबर. आमचा वस्ताद बैठका लावून चहाला जायचा आणि परत आला की "अजून पन्नास". कुणाची हिंमत होती सांगायची की झाल्या म्हणून!

२३ मार्च, रवि.
बेकरीची गोष्ट परत. तेच शब्द, तिथेच हसला. वय झालंय. आज दीड तास चालला. नोख त्सेन, नोख त्सेन. इराचं कपाळ लाल. एकदा तिने माझ्याकडे बघितलं, मी अंगठा वर केला. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला लिहू.
मंजिरीने कपाळाला बर्फ लावला.

३१ मार्च, सोम.
शाळेतून फोन. इराचं डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, फळ्यावरचं वाचता येईना. काल तर सगळ्यात जास्त वेळ खेळली होती. ऑफिस सोडून पळालो. मंजिरी आणि मी दोघंही डॉक्टरकडे. बाईंनी सगळं तपासलं. मग विचारलं, एका वेळी किती हेडर?
मी म्हटलं, माहीत नाही. पन्नास असतील.
इरा जर्मनमध्ये म्हणाली, "काल दोनशे चाळीस."
"तुला कसं माहीत?"
"मी मोजते. त्याला आठवत नाही ना. दहा झाले की तो विसरतो आणि परत दहा सांगतो."
मंजिरी मराठीतून ओरडली, "मग थांबलीस का नाहीस गं?"
इरा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली. घरी मराठीत उत्तर द्यायला लावायला जीव काढावा लागतो, आज आपणहून. "बाबा उभे होते ना तिथे. मला वाटलं त्यांना माहितीये."

१ एप्रिल, मंगळ.
मेंदूला मार. चार आठवडे खेळ बंद, मोबाइल बंद, आठवडाभर शाळा बंद. पुढे खेळू शकेल, हेडर मात्र नाही. अंधार केलेल्या खोलीत झोपलीये. मी दाराबाहेर जमिनीवर बसून लिहितोय.

मला विसराळूपणा दिसला नाही. मला वस्ताद दिसला. पोरगी माझ्यासमोर मार खात होती आणि मी अंगठा दाखवत होतो.

३ एप्रिल, गुरु.
जिन्यात गिझेला भेटली, हेंकची बायको. सगळं सांगितलं. ती पिशव्या खाली ठेवून रडायला लागली. दोन वर्षं झाली म्हणे स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन. हेडरमुळेच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, पण तिची खात्री आहे. "वीस वर्षं मी त्याला बॉलवर डोकं आपटताना बघितलंय. लोक टाळ्या वाजवायचे. मीसुद्धा."
"मग आम्हाला सांगायचं तरी!"
"रविवारी तो हसत परत यायचा. बाकी सहा दिवस त्याला वार कळत नाही."
मी मराठीत म्हटलं, "आणि माझ्या पोरीचं काय?" तिला भाषा कळली नाही, अर्थ बरोबर कळला. राग येतो तिचा. कीवही येते. स्वतःचा राग जास्त.

६ एप्रिल, रवि.
दहाला बेल. हेंक दारात, काखेत बॉल. सांगितलं, अगदी हळू. तो जिन्याच्या पायरीवर बसला. "हे मी केलं?" मी म्हटलं, मीही तिथेच होतो.

१३ एप्रिल, रवि.
दहाला बेल. काखेत बॉल. त्याला काहीच आठवत नाही. परत सांगितलं. परत तोच चेहरा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. "हे मी केलं?"

२० एप्रिल, रवि.
खोटं बोललो. इरा मैत्रिणीकडे गेलीये म्हटलं. "आख सो," म्हणजे असं होय, म्हणाला आणि आनंदात परत गेला. मंजिरी म्हणाली, "बरं केलंस." महिनाभरात पहिल्यांदा माझं काहीतरी बरं झालं म्हणे.

११ मे, रवि.
तपासणी ठीक. डोळे, तोल, सगळं. इरा परत पळायला लागली. रविवारी दारात हेंकशी खोटं बोलण्याची सवय झालीये मला. इराला शपथ घातली, डोक्याने खेळायचं नाही. म्हणाली, "मग मी अर्धीच फॉरवर्ड." तिच्या ट्रेनरलाही सांगितलं. तो म्हणाला, नक्की.

२४ मे, शनि.
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
मॅच. १–१. शेवटची मिनिटं, कॉर्नर. बॉल वर, इरा मोकळी. ती थांबली होती. मी शपथेवर लिहितो, ती थांबली होती, पाय जमिनीवर घट्ट. आणि माझ्या तोंडून गेलं, "डोकं घाल, इरा!"
अख्ख्या मैदानावर मराठी कळणारे आम्ही तिघंच.
उडाली. गोल.
धावत माझ्याकडे आली, दोन्ही हात पसरून. मंजिरी शेजारी उभी होती. इरा गाडीत मागे बसून, डोकं दुखत नाहीये, नाहीये, असं तीनदा म्हणाली, न विचारता.

२५ मे, रवि.
सकाळी इरा ठीक. डॉक्टरांच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला, लक्ष ठेवा म्हणाले. ब्रेडला लोणी लावता लावता तिने विचारलं, "बाबा, मग आता चालतं की नाही?"
मंजिरीने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघायला लागली.
तेवढ्यात बेल वाजली. दार उघडायच्या निमित्ताने उठलो, हेंकला काहीतरी सांगून पाठवलं, आणि इथे बाल्कनीत येऊन बसलो. आत दोघी थांबल्यात.
उत्तर 'नाही' आहे. कधीही नाही. एवढंच तर म्हणायचंय. पण काल बॉल जाळ्यात गेला तेव्हा मी नाचलो. भीती नंतर वाटली, आधी मी नाचलो. आणि ती माझ्याकडेच बघत धावत येत होती. आता मी नाही म्हटलं तर पोरगी काय खरं मानेल?