पिवळा ओट

२४ जानेवारी
मनवाचा फोन. पहिल्या कापणीचा अहवाल आला. नुसत्या ओटात जेवढं नत्र, तेवढंच ओट आणि बरसीमचा घास एकत्र पेरलेल्या मिश्र पट्टीत. "आबा, फरकच नाही. म्हणजे बरसीमने हवेतून काही घेतलंच नाही, असं दिसणार." पंधरा फेब्रु.पर्यंत फरक दाखवता आला नाही तर तिच्या मॅडम प्रबंधातून आमचं पोशीरचं शेत काढणार. दोन वर्षांचं काम. नातीचा आवाज कविता विसरून वर्गात उभ्या राहिलेल्या पोरीसारखा.

२५ जाने.
सकाळीच आली. बरसीमचं रोप उपटून मुळं धुतली. गाठी टपोऱ्या. एक नखाने फोडली, आत गुलाबी. "हे तर काम करतंय, आबा! मग घोळ कुठे?" मी फुटकी गाठ तळहातावर घेतली. एवढ्याशा दाण्यात हवेची भाकरी होते म्हणे.

२६ जाने.
शाळेत ध्वजवंदन. पोरींनी आमची सहावीची कविता म्हटली, आमच्या वेळच्याच चालीवर. ओठ आपोआप हलले. हीच चाल घोकत आईच्या मागून टहाळाची, तोडलेल्या डहाळ्यांची मोळी डोक्यावर घेऊन जायचो. वरच्या कोपऱ्यात. तिथे शेण-टहाळ पसरून राब भाजायचा, त्यावर भाताची रोपं. वर्षानुवर्षं तिथेच. परवापरवापर्यंत आमचं शेत करणारा काशिनाथही तिथेच भाजत होता...
जिलबी हातातच राहिली. नुसता ओट पेरायला मी तोच कोपरा दिला! नातीचं काम, म्हणून सगळ्यात कसदार जागा.
घरी येऊन कबुली दिली. मनवाने कपाळाला हात लावला. मग, "आबा, त्या ओटाला उपाशी ठेवायचं होतं हो! तुम्ही पंगतीला बसवलंत! मातीतलंच नत्र खाऊन तो मिश्र पट्टीएवढा भरला!" हसली, डोळे पुसले.

२७ जाने.
उपाशी ओट कुठून आणायचा? काशिनाथ बांधावरून ऐकत होता. "तात्या, तुमचं उरलेलं बियाणं मी खालच्या तुकड्यात नाय का फेकलं? त्याच दिशी. कावीळ झालीय त्याला. म्हस बी तोंड लावत नाय."
"काशीकाका, खत घातलंत?"
"फुकटच्या बियाण्याला खत घालतो व्हय गं?"
मनवा चिखलातून धावली. तसा पिवळा ओट मी जन्मात पाहिला नव्हता. अप्रतिम! तिथे मोजमापाची चौकट टाकून कापला, मिश्र पट्टीतल्या न कापलेल्या भागातही. पिशव्या घेऊन दुपारीच गेली.

९ फेब्रु.
फरक आला!! भरपूर. मनवा फोनवर नुसती ओरडत होती. मी बांधावर उभा राहून सहावीची कविता मोठ्याने म्हटली, एक कडवं न चुकता. काशिनाथ गावभर सांगतोय, "माज्या काविळीनं पोरीला तारली."

११ फेब्रु.
मॅडम म्हणाल्या, आकडे छान, पण मिश्र पट्टीची आणि खालच्या तुकड्याची माती सारखी आहे कशावरून? मंगळवारी स्वतः येणार, खड्डे घेऊन बघणार. मग ठरवणार.
काशिनाथ कुदळ घासून तयार. "खड्डं कुटं मारायचं, तात्या?"
मनवाने फोनवरूनच दटावलं, "मॅडम दाखवतील तिथे! आबा, तुम्ही जागा सुचवायची नाही."
बरं, नाही सुचवत. पण खालच्या तुकड्यात पूर्वी काय काय होतं, ते सकाळपासून आठवतोय, आणि तिथे राब कधी भाजल्याचं अजून तरी आठवत नाही.