उतू न गेलेलं दूध

दि. ७ नोव्हेंबर

सौ. विहीणबाईंना,
सप्रेम न. वि. वि.

तुम्ही दुकानातून पाठवलेल्या खिडकीच्या कड्या पोचल्या. चिरंजिवाने त्याच दिवशी बसवल्या, त्यामुळे पहाटेचा गार वारा आता न विचारता घरात शिरत नाही. दुपारी अजून ऊन चटका देतं, पण संध्याकाळी पोरांना स्वेटर लागतो. गेल्या वर्षीचा स्वेटर आमच्या वकीलबाईंच्या कोपरापर्यंतच येतो. पाच वर्षांची पोर, पण तिचं म्हणणं असं की ती वाढलेली नाही, स्वेटरच आटलाय, आणि यावर तिने बापाला वाद घालून पार दमवलं. तिचा धाकटा भाऊ गब्दू दहा महिन्यांचा झाला. रांगत सुटला की कुणाला सापडत नाही, आणि वजनाला म्हणाल तर पिठाचं पोतं.

तुमची लेक पुन्हा कामावर रुजू झाली. गणवेश चढवून निघते तेव्हा मी खिडकीतून बघत राहते. एवढी मोठी बस ती वळवते याचं मला अजून अप्रूप वाटतं. पण हल्ली तिच्या डोक्यात काय भरलंय कोण जाणे. पाळणा काढून जमिनीवर गादी टाकली. पाण्याचा मोठा जग माळ्यावर टाकला, त्या जागी छोट्या बाटल्या आणल्या. दूधसुद्धा स्वतःच तापवून थर्मासमध्ये भरून जाते. मी काय या घरात पाहुणी आहे? मनाला फार लागलं. बोलले मात्र नाही, कारण बोलायला तोंड नव्हतं.

आता खरं लिहिते. फोनवर सांगता आलं नसतं, वकीलबाईंचे कान तिखट आहेत. लॉन्ड्रीत आयुष्यभर इस्त्री फिरवली, त्याचं उट्टं मनगटं आता काढतायत. वजन धरलं की बोटांना मुंग्या येतात आणि पकड सुटते. डॉक्टर म्हणाले, जड काही उचलायचं नाही, आणि हे सुधारेल असं सांगता येत नाही. गेल्या महिन्यात तापलेल्या दुधाचं पातेलं हातातून निसटलं. गब्दू दुसऱ्या खोलीत होता म्हणून. पुढचं लिहवत नाही. घरी मी दूध उतू गेलं म्हणून सांगितलं.

खरं सांगितलं तर तुमची लेक नोकरी सोडेल. ती नोकरी मिळवायला तिने काय काय सोसलंय ते आपण दोघींनी बघितलंय. आणि मग माझं काय? जिला नातू उचलून घेता येत नाही, त्या आजीचं घरात काम काय? आणखी एक सांभाळायचं माणूस, एवढंच. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या.

तुमचा लोभ आहे म्हणून लिहायचा धीर झाला. तो आटू देऊ नका.
तुमची,
विहीण

दि. १२ नोव्हेंबर

श्रीमती विहीणबाईंना,
सप्रेम नमस्कार. कुशल विचारत नाही, कारण तुम्ही खरं सांगाल याचा आता भरवसा राहिला नाही.

पत्र दुकानात गल्ल्यावर बसूनच वाचलं. बिजागऱ्या मागणाऱ्या माणसाला मी खिळे बांधून दिले. तो परत आला नाही, म्हणजे गरीब स्वभावाचा असावा.

तुम्ही वयाने मोठ्या, पण आज तुमचा कान धरते. आज पातेलं निसटलं, उद्या नातू निसटला तर? राग मानू नका. हे तुम्हालाही दिसतंय, म्हणून तर मला लिहिलंत. आणि माझ्या पोटात ही गोष्ट राहणार नाही, हेही तुम्हाला ठाऊक होतं.

लेक बस शिकते म्हणाली तेव्हा मी केवढं आकांडतांडव केलं होतं. तुम्ही मला एका शब्दाने दुखावलं नाहीत, फक्त म्हणालात की परीक्षेच्या दिवशी तिचा डबा मी करते. बाळंतपणानंतर तिला ताप चढला तेव्हा तिच्या उशाशी तुम्ही बसलात, मी इथे दुकानात अडकले होते. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, आज लिहिते. माझ्या लेकीला तुम्ही आईसारखं जपलंत. मग तिच्यापासूनच लपवायचं, हे कुठलं जपणं?

रविवारच्या आत सांगून टाका. नाहीतर मी बस पकडून येते, आणि बस कुणाची पकडेन ते तुम्हाला माहीत आहे.

पत्र खरमरीत झालं, पण माझ्या लोभात तसूभर फरक नाही. तुम्हीही पडू देऊ नका.
तुमची,
विहीण

दि. १८ नोव्हेंबर

सौ. विहीणबाईंना,
सप्रेम न. वि. वि.

तुमच्या धाकाने रविवारची वाटच पाहिली नाही, शनिवारी सांगून टाकलं. वकीलबाई बापाबरोबर बाहेर गेल्या होत्या आणि तुमची लेक गब्दूला भरवत होती. मी एका दमात सगळं सांगितलं, पातेल्यासकट. ती वर बघेना. मग हळूच म्हणाली की तिला माहीत आहे. मी शरमेने अर्धी झाले. उतू गेलेलं दूध शेगडीवर सांडतं, दाराजवळ फरशीवर नाही, हे तिने त्याच दिवशी ताडलं होतं. दिवसभर बसच्या आरशातून माणसं बघते ती. कोण दांडा कसा धरतंय तेसुद्धा तिला कळतं, मी तर घरातली. गादी, बाटल्या, थर्मास, सगळं त्यासाठीच होतं. आणि मी मेली मनात तिच्यावर खार खाऊन होते.

मग बोलली का नाहीस, असं विचारलं. तर तिला धास्ती की विषय काढला तर मी त्याच दिवशी ट्रंक भरून माझ्या जुन्या खोलीवर निघून जाईन. तिने मला बरोबर ओळखलं. ट्रंक मी खरंच पुसून ठेवली होती.

नोकरी सोडायची नाही, असं तिने स्वतःच ठणकावलं. म्हणाली, पोरांना उचलायला कुणालाही सांगता येईल, पण घरी आई आहेत म्हणून तिचं लक्ष रस्त्यावर राहतं. आता सकाळी शेजारच्या शिंपीणबाई येतात, गब्दूला आंघोळ घालून गादीवर बसवून जातात. चिरंजीव विजेच्या कामांमधून दुपारी घरी येऊन त्याला झोपवतो. शेगडी मला बंद. माझं काम जमिनीवर त्याच्याजवळ बसायचं.

एकच सल आहे. तो हात वर करून माझ्याकडे बघतो आणि मी घेत नाही. आजीचं काहीतरी बिनसलंय असंच त्याला वाटत असणार. तेवढं सोडलं तर मला काही कमी नाही, आणि ते तुमच्यामुळे. तुम्ही कान धरला नसतात तर मी अजून खोटंच बोलत बसले असते.

असाच अधूनमधून कान धरत जा, यालाच मी लोभ समजेन.
तुमची,
विहीण

दि. ३ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला कसा आहे? इकडे आता सकाळी बसच्या काचेवर दव साचतं, पुसल्याशिवाय निघता येत नाही. वकीलबाईंना शाळेत शिक्षा झाली. बाईंशी वाद घातला, आणि त्यातही त्याच जिंकल्या म्हणे.

आज माझी शेवटची फेरी रद्द झाली म्हणून लवकर घरी आले. दार लोटलेलंच होतं. सासूबाई गादीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि गब्दूने त्यांच्यापुढे हात वर केले होते. त्या त्याला समजावत होत्या की आजीचे हात दुखतात रे राजा. त्याला काय कळलं देव जाणे. त्याने हात खाली घेतले, त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला, एक पाय मांडीवर टाकला आणि बदकन खाली बसला. पुन्हा उठला, पुन्हा घसरला. वकीलबाई मागून ढकलायला धावल्या, तर सासूबाईंनी त्यांना नजरेनेच थांबवलं. शेवटी धापा टाकत, पोटावर सरपटत एकदाचा चढला. मांडीवर वळला आणि त्यांना टेकून बसला.

आई, सासूबाईंचे दोन्ही हात तसेच अधांतरी राहिले होते. त्याला धरायचं तर होतं, पण धीर होत नव्हता. मग त्यांनी ते हळूच त्याच्याभोवती टाकले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मी आत जाऊन हात पुढे केले. एरवी तो झेपावतो. आज त्याने माझ्याकडे बघितलं आणि आजीच्या कुशीत तोंड लपवलं. मला वाईट वाटायला हवं होतं ना? मी गणवेशातच त्या दोघांच्या शेजारी बसून राहिले. आपल्याला किती मिळालंय, एवढंच मनात येत होतं.

तुझी माया आम्हां सगळ्यांवर आहेच, त्यातला मोठा वाटा सासूबाईंना दे. हे लिहायला म्हणून मी उठले. तो अजून उतरलेला नाही.

तुझी,
लेक