शंकरचं पोट

३ जानेवारी १९४४, कराड
शंकर फौजेच्या भरतीहून परत आला. साताऱ्याला घेतलं नाही. टेपावर छातीपेक्षा पोट जास्त भरलं. रांगेतली पोरं हसली म्हणे. विसाव्या वर्षी ही ढेरी, हातपाय मात्र काड्या. आई म्हणाली, "त्यास्नी काय कळतंय? खाल्लेलं अंगी लागतंय लेकराच्या." पुन्हा त्याच्या ताटात तूप. मला नेहमीचंच, "तारे, अर्धीच भाकरी घे. मांड्या बग जरा." दिवसभर शाळेत पोरींपुढे उभी असते मी. भूक लागते.

१९ जाने.
शं. सारखा पाणी पितो. परसात तो लघवीला बसतो तिथं मुंग्या. आईला बोलले नाही.

२ फेब्रु.
रजा काढून शं.ला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात घालून तापवली. विटेसारखी लाल झाली. मधुमेह. वय दोनदा विचारलं त्यांनी. मग माझीही तपासली. निळी ती निळीच.
म्हणाले, "बाई, तुमची चरबी मांड्यांवर, कमरेखाली. ती सहसा एवढी छळत नाही. याची सगळी पोटात, आतड्यांभोवती. ती वाईट. अशी बरीच पोरं बघतो मी. हातपाय बारीक, म्हणून घरचे आणखी चारतात."
क्षणभर सुटल्यासारखं वाटलं मला. शं. शेजारीच बसला होता. परतताना गाडीत त्याच्याकडे बघवेना.

६ फेब्रु.
आईला सांगितलं. "तुला न्हाई, आन त्याला कसं?" एवढंच बोलली. मग चुलीपुढं बसून, "मीच चारलं गं."
मी जवळ गेले नाही. जायला हवं होतं.

१ मार्च
तूप, गूळ, भात बंद. शं. रोज नदीपर्यंत चालतो. धोतर सैल होतंय. तरी काल वाटेत घेरी आली. हाताला धरून आणलं लोकांनी.

११ मार्च
विट्याचे पाहुणे उद्या सकाळच्या मोटारीनं येणार. शं.ला मुलगी द्यायची म्हणतात. आई घर सारवायला लागली.
संध्याकाळी शं. माझ्यापाशी आला. "अक्का, त्यास्नी सांगू नगंस. लय केलंस माझ्यासाठी, येवढं कर."
हो म्हटलं नाही. नाहीही म्हणवेना.
मुलगी सोळाची आहे. नाव कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.