आजीच्या दगडावर काय कोरायचं?

प्रिय राग्नाताई,

नेब्रास्कात सुखरूप पोचलो. गुडघा बरा आहे, काळजी करू नकोस.

आजीच्या कबरीवरचा लाकडी क्रूस कुजलाय, म्हणून दगड बसवतोय. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रात तिची मृत्युवार्ता सापडली. माळाला वणवा लागला तेव्हा तिने ओल्या पोत्यांनी घर वाचवलं, ते सगळं छापलंय. नाव मात्र ‘हॅल्वर ब्रेकेंची पत्नी’. चर्चच्या नोंदीतही तेच.

मला ते वाचून दाखवणारी वाचनालयातली बाई म्हणाली, “आजोबा, तेव्हा बायकांना नावं नसायची, नवरे असायचे!” मला हसू आलं नाही.

दगड कोरणारा विचारतो, “मग तेच कोरू?”

आपले आजोबा आजीला काय हाक मारायचे गं? मला फक्त “अगं ए” आठवतं.

तुझा खोकला कसा आहे? लवकर कळव. तुझ्याशिवाय विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

तुझा धाकटा,
सिव्हर्ट