पालेगावच्या झाडाचं नाव

शुक्रवार, १७ नोव्हेंबर २००६, अंबरनाथ पश्चिम

झाडाच्या पानांवरून गोळा केलेल्या पांढऱ्या माशीच्या नमुन्याच्या बाटलीवर मीच पेन्सिलीने लिहिलंय, ‘करंज, पालेगाव’. झाड नीट न बघता, घाईत. माझे गाईड सर खूश आहेत. "करंजावर ही जात कुणालाच सापडली नव्हती! सोमवारी पेपर पाठवू." आणि तो करंजच होता का, हे मलाच नक्की माहीत नाही.

म्हणून आज परत गेले. झाडाच्या जागी बिल्डिंगसाठी नुकताच खणायला घेतलेला खड्डा. वॉचमनला विचारलं, "इथलं झाड कसलं होतं?"

"सावलीचं होतं, मॅडम. कालच तोडलं."

म्हणजे आता माझी चूक पकडणारं झाडच उरलं नाही. गप्प बसले तर? सोमवारी पेपर जाईल, माझं नावही येईल.

पेन्सिलीचं अक्षर. ‘करंज’ एका घासण्यात गेलं. गाव ठेवलं. झाडापुढे लिहिलं, ‘माहीत नाही. तोडलं.’